ओनीडिनची शिडे आणि कोळशाचा हिशेब

गेले काही महिने एक मजकूर या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरतो आहे. बीबीसीच्या 'द ओनीडिन लाइन' या जुन्या मालिकेचा दाखला देऊन त्यात सांगितले आहे की, लिव्हरपूलच्या ओनीडिन नावाच्या जहाजमालक घराण्याची ही खरी हकीकत आहे आणि मालिकेत दिसणारे जहाजही त्याच काळातले आहे. मालिकेचा नायक जेम्स ओनीडिन शिडांच्या प्रेमापायी वाफेला नाकारत राहिला, १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि शिडांचा धंदा बसला, १८७६ च्या कायद्याने खलाशांचे बुडून मरणे थांबले आणि आपल्या कोकणातही आगबोट आली तशी गलबते कायमची किनाऱ्याला लागली, असे पुढचे मुद्दे आहेत. मालिकेचे शीर्षकसंगीत खास तिच्यासाठी रचले होते, अशी एक पुस्तीही जोडलेली आहे. शेवटी अर्थातच व्यवस्थापनाचा धडा येतो: बदला, नाहीतर बुडा. न बदलल्यामुळे बुडालेल्या कॅमेऱ्याच्या कंपनीची गोष्ट सांगून सांगून झिजली, तेव्हा आता जहाजवाल्याची पाळी आली असावी.

मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग कचेरीत मालभाड्याचे दर काढण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे एखादा जहाजमालक प्रेमापायी तोट्यात जहाज चालवत राहिला असे कोणी म्हटले की मला आधी त्याची खतावणी पाहावीशी वाटते.

पहिला मुद्दा लवकर आटोपतो. ओनीडिन हे घराणे लिव्हरपूलला कधीच नव्हते. मालिकेचे जनक सिरिल एब्रहॅम यांनी 'ऑन्डीन' या जलपरीच्या नावातले एक अक्षर हलवून हे आडनाव बनवले. जेम्स, त्याची बायको ॲन, दुकानदार भाऊ रॉबर्ट, बहीण एलिझाबेथ आणि कप्तान बेन्स ही सगळी लेखकाची माणसे आहेत. १८६० च्या लिव्हरपूलचा व्यापार त्यांच्याभोवती बराचसा नीट उभा केला आहे, हे मात्र मालिकेच्या बाजूने म्हटले पाहिजे.

दुसऱ्या मुद्द्यावर मजकूर लिहिणाऱ्याने थोडा शोध घेतला असता, तर त्याचा बाकीचा मजकूर तिथेच कोसळला असता. मालिकेत 'शार्लट ऱ्होड्स' म्हणून दिसणारे तीन डोलकाठ्यांचे लाकडी जहाज १९०४ मध्ये डेन्मार्कमध्ये बांधले गेले. तेव्हाचे त्याचे नाव 'एव्हा' होते. म्हणजे कथा सुरू होते त्यानंतर ४४ वर्षांनी आणि सुएझ उघडल्यानंतर ३५ वर्षांनी डेन्मार्कच्या एका गोदीत कोणीतरी मालवाहतुकीसाठी पदरचे पैसे घालून शिडाचे जहाज बांधत होते. पुढच्या भागांत वापरलेले 'सोरेन लार्सेन' हे जहाज तर १९४९ मधले आहे, तेही डॅनिश बांधणीचे आणि मुळात माल वाहण्यासाठीच बांधलेले. त्याला जोडीला इंजिन होते, पण शिडेही कामाचीच होती. शिडांचा धंदा १८६९ मध्ये बसला असेल, तर ही दोन्ही जहाजे चित्रीकरणाला मिळालीच नसती.

जेम्सच्या हट्टाविषयी बोलायचे, तर कथानकच त्याच्या उलट बोलते. कॅलन या बड्या जहाजमालकाची नोकरी सोडलेल्या जेम्सजवळ भांडवल असे काही नसते. म्हाताऱ्या कप्तान वेबस्टरचे जहाज त्याला हवे असते, आणि वेबस्टरची मुलगी ॲन त्याला सरळ सौदा घालते की लग्न केलेस तर जहाज मिळेल. ज्या माणसाने बायकोबरोबर जहाज मिळवले त्याने आगबोट का घेतली नाही, असे विचारणे म्हणजे हातगाडीवाल्याला ट्रक का घेतला नाहीस असे विचारण्यासारखे आहे. १८६० मध्ये आगबोट विकत घ्यायला मोठे भांडवल लागे आणि चालवायला त्याहून मोठे. अटलांटिकवर क्युनार्ड कंपनीच्या आगबोटी १८४० पासून नियमित धावत होत्या हे खरे, परंतु त्यांच्या हिशेबाचा मोठा आधार सरकारने टपाल वाहण्यासाठी दिलेली रक्कम हा होता. जेम्सला पोर्तुगालची दारू आणायची होती, टपाल नव्हे. पुढे त्याच्याच कंपनीत आगबोटीही येतात. तो वाफेचा शत्रू कधीच नव्हता. तो कमालीचा चिक्कू होता, आणि चिक्कू माणसाला शिडांचे प्रेम परवडत नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे सुएझ. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा उघडला. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, स्कॉटलंडमध्ये डंबार्टन येथे 'कटी सार्क' हे चहा वाहणारे प्रसिद्ध शिडाचे जहाज पाण्यात सोडले गेले. ते बांधायला घेणाऱ्याला कालव्याची बातमी नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. कालव्याने लंडन ते मुंबई हे अंतर आफ्रिकेच्या वळशाच्या मानाने चार हजारांहून अधिक सागरी मैलांनी कमी केले, आणि हा फायदा जवळजवळ सगळा आगबोटींना मिळाला, कारण शिडाचे जहाज कालव्यातून ओढून न्यावे लागे आणि पुढे तांबड्या समुद्रातले वारे त्याला साथ देत नसत. चीनच्या चहाचा धंदा शिडांच्या हातून गेला तो यामुळे. इथपर्यंत मजकूर लिहिणारा बरोबर आहे. परंतु चहा म्हणजे सगळा माल नव्हे, आणि 'कटी सार्क'ने तेच दाखवून दिले. १८७० च्या दशकाच्या अखेरीस चहा मिळेनासा झाल्यावर हे जहाज ऑस्ट्रेलियाच्या लोकरीकडे वळले आणि तिथे त्याने चहाच्या काळापेक्षा मोठे नाव कमावले. १८९५ मध्ये ते पोर्तुगीजांना विकले गेले आणि 'फेरेरा' नावाने १९२२ पर्यंत माल वाहत राहिले.

याचे कारण कोळशाच्या हिशेबात आहे, आणि हा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एक आगबोट दिवसाला ४० टन कोळसा जाळते आणि वाटेत कोळसा न घेता ५० दिवस चालायची आहे. निघतानाच तिच्या पोटात २,००० टन कोळसा भरावा लागेल. त्या कोळशाचे पैसे द्यायचे, तो भरणाऱ्या हमालांचे आणि भट्टीपुढे राबणाऱ्या माणसांचे पैसे द्यायचे, आणि वर तेवढी जागा भाडे देणाऱ्या मालाला नाकारायची. वाटेत कोळसा घ्यायचा म्हटले, तर तो तिथे आधी कोणीतरी नेऊन ठेवलेला हवा. तो कोण नेत असे? वेल्सचा कोळसा जगभरच्या बंदरांत पोहोचवण्याचे काम अनेक वर्षे मोठ्या प्रमाणावर शिडाच्याच जहाजांनी केले. आगबोटीने शिडांना हटवले असे म्हणताना तिच्या भट्टीत पडणारा कोळसा शिडावर आला होता, हे विसरून चालत नाही.

हा हिशेब बदलला तो इंजिनाने, आणि तोही लिव्हरपूलमध्येच. तिथल्या आल्फ्रेड होल्ट या अभियंत्याने तीच वाफ आधी जास्त दाबाच्या आणि मग कमी दाबाच्या अशा दोन सिलिंडरांत वापरणारे इंजिन आपल्या जहाजांत बसवले. त्याची 'ॲगमेम्नॉन' ही आगबोट १८६६ मध्ये चीनकडे निघाली आणि मॉरिशसपर्यंतचे साडेआठ हजार मैल तिने वाटेत कोळसा न घेता कापले. कालवा तेव्हा उघडला नव्हता. ओनीडिनच्या गावात शिडांचे खरे दुखणे सुरू झाले ते या जहाजापासून, आणि धडा द्यायचाच असेल तर मजकुरात त्या काल्पनिक जेम्सऐवजी या होल्टचे नाव असायला हवे होते. १८८१ मध्ये 'एबरडीन' या जहाजात तीन टप्प्यांचे इंजिन यशस्वी झाले आणि कोळशाचा खर्च आणखी उतरला. त्यानंतर मात्र लांबच्या वाटाही एकेक करून आगबोटींकडे जाऊ लागल्या.

आकडे हेच सांगतात. १८६० मध्ये ब्रिटनमध्ये नोंदलेल्या शिडाच्या जहाजांचे टनेज, म्हणजे माल मावण्याची एकूण क्षमता, सुमारे ४२ लाख आणि आगबोटींचे साडेचार लाख होते. १८७० मध्ये, म्हणजे कालवा उघडून वर्ष झाल्यावर, शिडांचे टनेज वाढून सुमारे ४६ लाखांवर गेले होते आणि आगबोटींचे ११ लाखांवर. १८८० मध्ये हे आकडे सुमारे ३८ लाख आणि २७ लाख झाले, आणि १८८३ च्या आसपास आगबोटी पुढे गेल्या. आगबोट वर्षात जास्त खेपा करते, त्यामुळे प्रत्यक्ष वाहिलेल्या मालाचा विचार केला तर हा पालट याहून काही वर्षे आधी झाला, हे मान्य केले पाहिजे. तरीही हा क्रम दशकांचा आहे.

उरलेल्या शिडांनीही हातपाय गाळले नाहीत. लाकडाच्या जागी लोखंड आणि मग पोलाद आले, दोरखंडांच्या जागी तारांचे दोर आले, जहाजे लांब झाली आणि माणसे कमी लागू लागली. चिलीचा सोरा नासत नाही, चार आठवडे उशिरा पोहोचला तरी कोणी दार ठोठावत नाही, आणि तो हळूहळू भरला जात असताना बंदरात पडून राहणे शिडाच्या जहाजाला आगबोटीपेक्षा स्वस्त पडे. म्हणून हॅम्बुर्गच्या लाइश या पेढीने १९०२ मध्ये 'प्रॉइसेन' हे पाच डोलकाठ्यांचे प्रचंड पोलादी शिडाचे जहाज त्या वाटेसाठी बांधून घेतले. १९१० मध्ये ते इंग्लिश खाडीत निकामी झाले तेही एका आगबोटीची धडक बसल्यामुळे, आणि आगबोटीवरच्या अधिकाऱ्याला शिडाचे जहाज एवढ्या वेगाने येत असेल असे वाटले नव्हते. धान्य घेऊन दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालणारे शेवटचे शिडाचे मालवाहू जहाज 'पामीर' तिथून गेले ते १९४९ मध्ये. वारा फुकट असतो म्हणून हे सारे चालले, असेही कोणी समजू नये. शिडे फाटतात, खलाशांना पगार लागतो, विमेवाला जास्त पैसे मागतो आणि माल कधी पोहोचेल ते नेमके सांगता येत नाही. ज्या मालाला ही अनिश्चितता परवडत होती, त्या मालापुरतेच शीड टिकले.

कायद्याच्या मुद्द्यावर मजकुराने एका मोठ्या माणसावर नकळत अन्याय केला आहे. डर्बीचे खासदार सॅम्युएल प्लिमसॉल यांनी जादा भरलेल्या आणि जादा विमा उतरवलेल्या, बुडाली तरी मालकाला फायदाच होईल अशा जहाजांविरुद्ध वर्षानुवर्षे झगडा केला. १८७५ मध्ये सरकारने याविषयीचे विधेयक मागे टाकले तेव्हा भर सभागृहात त्यांचा तोल गेला आणि त्यांनी मूठ उगारून खलनायक हा शब्द वापरला. १८७६ मध्ये जहाजाच्या कुशीवर भाररेषा, म्हणजे माल भरल्यावर पाणी जिच्यावर चढता कामा नये ती रेघ, काढणे सक्तीचे झाले हे खरे आहे. परंतु ती कोठे काढायची, हे त्या कायद्याने मालकावर सोडले होते. एका कप्तानाने ती धुराड्यावर रंगवली असा किस्सा सांगतात. तो खरा असो वा नसो, कायद्यातली फट त्याने बरोबर दाखवली आहे. रेषेची जागा कायद्याने ठरवून दिली गेली ती १८९० मध्ये, चौदा वर्षांनी. मुंबईच्या गोदीत रिकाम्या जहाजाच्या कुशीवर मधून आडवी रेघ गेलेले ते वर्तुळ आणि त्याशेजारी गोडे पाणी, उष्ण कटिबंध, उन्हाळा, हिवाळा यांसाठी काढलेल्या आखूड रेघा मी असंख्य वेळा पाहिल्या आहेत. माल चढू लागला की पाणी त्या रेघांकडे सरकत जाते, आणि कचेरीत भाड्याचा आकडा तिथे येऊन थांबतो. मजकुराप्रमाणे खलाशांचे बुडून मरणे १८७६ मध्येच थांबले असते, तर प्लिमसॉल यांना त्यानंतरही झगडत राहावे लागले नसते.

शीर्षकसंगीताविषयी एवढेच की ती सुरावट आराम खाचातुरियन यांच्या 'स्पार्टाकस' या बॅलेतली आहे आणि तो बॅले १९५६ मध्ये रंगमंचावर आला. मालिका सुरू झाली १९७१ मध्ये.

राहिले आपले कोकण. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये, जेम्स ओनीडिनच्या गोष्टीच्या ऐन काळात. पुढे ही मंगळुरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वदूर पोहोचली आणि त्यांतली पुष्कळशी आली ती शिडाच्या फत्तेमारीतून. मुंबई आणि कोकणच्या बंदरांमध्ये तोवर उतारूंच्या आगबोटी सुरू झाल्या होत्या. पण आगबोटीला उतारू आणि टपाल हवे होते, आणि खोल पाणी हवे होते. कौले, मीठ, लाकूड असा जड आणि बिनघाईचा माल भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत आत शिरून थेट गावाच्या धक्क्याला लावणारी फत्तेमारी त्यानंतरही अनेक दशके चालत राहिली. माझ्या आजोळी पडवीचे छप्पर उतरवले तेव्हा कौले पालथी घालून रचत होते. कौलाच्या पोटाला मातीत उमटलेली कारखान्याच्या नावाची अक्षरे अजून वाचता येत होती, आणि ज्या धक्क्यावर ती उतरली त्याचे दगड खाडीच्या चिखलात ओहोटीला आजही दिसतात.