मार्जरी ब्रूस पिंजऱ्यात नव्हती

एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय: ‘स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूसची मुलगी मार्जरी आठ वर्षं लंडनच्या टॉवरमध्ये पिंजऱ्यात होती. पुढे घोड्यावरून पडून मेली. तिचं पोट फाडून काढलेलं मूल आजोबांच्या मागोमाग गादीवर बसलं.’ अंगावर काटा येतो खरा.

पिंजऱ्याचा हुकूम निघाला होता, हे खरं. १३०६ साली टेन इथे देवळाच्या आश्रयाला आलेल्या ब्रूसच्या घरच्या बायकांना रॉसच्या अर्लने धरलं आणि इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या हवाली केलं. मार्जरी जेमतेम दहा-बारा वर्षांची. तिला टॉवरमधल्या पिंजऱ्यात ठेवा, असं फर्मान निघालं आणि मग फिरवलं गेलं. पोर यॉर्कशरमधल्या वॉटनच्या मठात नन्सकडे गेली. आठ वर्षांची कैद खरी, १३१४ ला ब्रूसने इंग्रजांविरुद्ध बॅनकबर्नची लढाई जिंकल्यावर ती सुटली. पिंजरा भोगला तो दुसऱ्या दोघींनी: तिची आत्या मेरी हिने रॉक्सबरा इथे, आणि बखनची काउंटेस इझाबेला हिने बेरिकच्या किल्ल्यात. राजाला गादीवर बसवायचा मान तिच्या माहेरच्या फाइफ घराण्याचा, तो इझाबेलाने ब्रूससाठी बजावला, हाच तिचा गुन्हा. लाकडी जाळी, तिला लोखंडाची मजबुती आणि आत शौचाची सोय, इतकं सगळं एडवर्डच्या हुकमात लिहिलंय. या दोघींचं नाव त्या मजकुरात कुठेच नाही. गोष्टीला कोवळी राजकन्याच लागते ना!

घोडा आणि सुरी ही नंतरच्या काळातली दंतकथा. मुलाचा डोळा लाल असायचा, तो म्हणे सुरी लागून. असो.

खरा घोळ वारशाचा. एप्रिल १३१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या एअर गावी ठरलं, की ब्रूसला मुलगा झाला नाही तर गादी भावाला, एडवर्ड ब्रूसला. मार्जरी त्याच्या आणि त्याच्या मुलांच्या मागे. धडधडीत मुलगी हयात असताना, आणि तेही तिच्या संमतीने! लढाईच्या दिवसांत गादीला लढवय्या हवा होता. मग वॉल्टर स्टूअर्टशी तिचं लग्न झालं, मार्च १३१६ मध्ये रॉबर्ट जन्मला. १३१८ ला एडवर्ड ब्रूस आयर्लंडमध्ये लढाईत पडला आणि अडीच वर्षांचं हे पोर वारस ठरलं. पण १३२४ मध्ये ब्रूसला दुसऱ्या बायकोपासून डेव्हिड झाला, आणि नातू पुन्हा मागे ढकलला गेला. भाच्याहून आठ वर्षांनी लहान असलेला हा मामा १३२९ पासून १३७१ पर्यंत राजा होता. तो निपुत्रिक गेला, तेव्हा कुठे भाच्याचा नंबर लागला. स्टूअर्ट घराण्याचा हा पहिला राजा तोवर पंचावन्नाच्या घरात पोचला होता.