अर्ध्या तासासाठी तीस तास

मंडळी, पोस्ट मोठी आहे. इंदुरात मराठीतून व्याख्यान, प्रवचन, कीर्तन करणाऱ्यांसाठी आणि वक्ते ठरवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर असते त्यांच्यासाठी ती मुख्यतः लिहिली आहे. विषय आहे अमेरिकेतले कॅथलिक बिशप फुल्टन शीन. त्यांच्या जुन्या भाषणांचे तुकडे सध्या मोबाइलवर फिरतात आणि खाली प्रतिक्रिया असतात की आवाज काय, नजर काय, तो झगा काय! हे सगळं त्यांच्याकडे होतंच. पण माझं ठाम मत आहे की शीन उभे राहिले ते तयारीवर. आणि जिथे ते पडले तिथे तयारीच झालेली नव्हती.

थोडी ओळख करून देतो. जन्म ८ मे १८९५, इलिनॉय राज्यातल्या एल पासो या छोट्या गावात. पिओरिया शहरात वाढले, १९१९ साली धर्मगुरू झाले. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठातून तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट १९२३ मध्ये मिळवली आणि १९२६ ते १९५० वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात शिकवलं. १९३० पासून एनबीसी रेडिओवर 'कॅथलिक अवर' या कार्यक्रमातून ते बोलू लागले, ते वीस वर्षं. १९५१ मध्ये न्यूयॉर्कचे साहाय्यक बिशप झाले आणि १२ फेब्रुवारी १९५२ ला ड्युमाँट नावाच्या टीव्ही कंपनीवर त्यांचा 'लाइफ इज वर्थ लिव्हिंग' हा कार्यक्रम सुरू झाला. मंगळवार, रात्री आठची वेळ. त्याच वेळी समोर एनबीसी वाहिनीवर मिल्टन बर्ल हा त्या काळचा सर्वांत लाडका विनोदी कलाकार आणि सीबीएस वाहिनीवर गायक फ्रँक सिनात्रा. म्हणजे पडेल ठरलेला वेळ एका धर्मगुरूच्या माथी मारला होता. सुरुवातीला फक्त तीन केंद्रांवरून तो दिसायचा. वर्षभरात, १९५३ च्या फेब्रुवारीत, त्यांना टीव्हीवरचं उत्कृष्ट व्यक्तिमत्त्व म्हणून एमी पुरस्कार मिळाला. आपल्या चार लेखकांचे आभार मानतो, मॅथ्यू, मार्क, ल्यूक आणि जॉन (म्हणजे बायबलमधली चार शुभवर्तमानं ज्यांच्या नावावर आहेत ते), असं ते तेव्हा म्हणाल्याचं सांगतात.

आता मुद्द्याचं. अर्ध्या तासाच्या एका कार्यक्रमासाठी ते सुमारे तीस तास तयारी करत. हातात कागद नाही, कॅमेऱ्यामागे वाचायचा पडदा नाही, प्रक्षेपण थेट. मग तीस तास करायचे काय? आपल्याकडे बरेच जण इथे चुकतात: तयारी म्हणजे भाषण लिहून काढणं आणि घोकणं, असा समज आहे. शीन यांची रीत उलटी होती. विषयावरचं वाचन करायचं, मुद्दे काढायचे, मग कागद बाजूला सारून ते मुद्दे नुसत्या आठवणीने पुन्हा लिहायचे. ते मूळ टिपणांशी ताडून पाहायचे. जे सुटलं ते अजून आत उतरलेलं नाही, असं समजायचं. मग कागद फाडायचा आणि पहिल्यापासून परत. वाक्यं पाठ करायची नाहीत, मुद्द्यांमधला दुवा पक्का करायचा. वाक्य पाठ केलेल्या माणसाचा एक शब्द अडला की पुढची अख्खी साखळी निसटते आणि तो डोळे वर करून छताकडे बघू लागतो. दुवा माहीत असलेला माणूस शब्द चुकला तरी दुसऱ्या शब्दाने पुढे जातो.

यानंतर आणखी एक पायरी होती, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. प्रक्षेपणाच्या आधी तेच भाषण ते एका परिचिताला इटालियनमध्ये आणि दुसऱ्याला फ्रेंचमध्ये बोलून दाखवत. परक्या भाषेत अलंकार आपोआप गळतात, ठेवणीतल्या ओळी चालत नाहीत, आणि विचार कुठे पोकळ आहे ते लगेच कळतं. इंदूरकरांना तर ही सोय घरातच आहे. मराठीत व्याख्यान द्यायचं असेल तर आदल्या दिवशी शेजारच्या हिंदीभाषक माणसाला तेच पंधरा मिनिटांत हिंदीतून सांगून बघा. जिथे अडखळाल तो भाग अजून कच्चा आहे.

शेवटाची गोष्ट वेगळी. बाकी भाषण मोकळं सोडलं तरी शेवटची दोन-तीन मिनिटं ते पक्की बांधून ठेवत. त्यांना किती वेळ लागतो हे त्यांना नेमकं माहीत असे. घड्याळ त्या जागी आलं की जिथे असतील तिथून ते शेवटाकडे वळत आणि वेळेवर थांबत. थेट प्रक्षेपणात उशीर चालतच नाही, पण सभागृहातही हेच लागू आहे. आपल्या रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर भागातल्या कार्यक्रमांचं गणित सर्वांना ठाऊक आहे. वेळ सहाची, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ यांत पंचवीस मिनिटं जातात, वक्त्याच्या साठ मिनिटांची चाळीस होतात. वक्ता मात्र साठ मिनिटांचंच भाषण वेगाने बोलतो आणि 'वेळेअभावी' म्हणत शेवट गुंडाळतो. श्रोता घरी नेतो तो शेवट, आणि नेमका तोच अर्धा कच्चा राहतो. उपाय सोपा आहे. शेवट आधी बांधा, मोठ्याने म्हणून घड्याळ लावून मोजा, आणि मधले कोणते दोन दाखले गाळता येतील ते घरीच ठरवून या. कीर्तनकार हे अजूनही बरं सांभाळतात, कारण उत्तररंगातलं आख्यान मूळ पदापर्यंत परत आणायचंच असतं. व्याख्यात्यांवर ते बंधन नाही, म्हणून ते भरकटतात.

मंचाची मांडणीही बघण्यासारखी आहे. न्यूयॉर्कच्या ॲडेल्फी थिएटरमध्ये अभ्यासिकेसारखा देखावा: टेबल, पुस्तकांची कपाटं, मेरीमातेची मूर्ती आणि एक फळा. पोशाख बिशपचा, खांद्यावर लांब केप, गळ्यात क्रूस. फळ्यावर ते दोन-चार शब्द किंवा एखादी साधी आकृती काढत आणि बोलत दुसऱ्या बाजूला सरकत. कॅमेरा त्यांच्याबरोबर जाई, तेवढ्यात पडद्याबाहेरचा मदतनीस फळा पुसून ठेवी. परत आले की फळा कोरा! त्याला ते आपला देवदूत म्हणत आणि प्रेक्षक त्या देवदूताची वाट बघत. यातलं तंत्र असं की लिहिताना पाठ वळली तरी क्षणभरच, आणि फळ्यावर एका वेळी एकच गोष्ट. आज आपल्याकडे प्रोजेक्टरवर चौदा ओळी टाकून वक्ता पडद्याकडे तोंड करून त्या वाचतो. श्रोत्यांना तो मजकूर त्याच्याआधीच वाचून होतो, मग ते मोबाइल काढतात.

आणि भाषा. लूव्हेनची डॉक्टरेट घेतलेला माणूस, पण टीव्हीवर सुरुवात कधी धर्मसिद्धांताने नाही. समोर कॅथलिक होते तसे प्रोटेस्टंट होते, ज्यू होते, काहीच न मानणारेही होते. म्हणून आरंभी एखादा विनोद, मग भीती, लग्न, दुःख, कंटाळा, मुलांचं वाढणं असा कुणाच्याही घरातला प्रश्न, आणि तिथून पायरी पायरीने देवापर्यंत. आधी देव आणि मग माणूस अशी उतरती मांडणी केली असती तर निम्मे प्रेक्षक पाचव्या मिनिटाला मिल्टन बर्लकडे गेले असते. मिश्र श्रोत्यांपुढे प्रवचन करणाऱ्या कुणालाही हा क्रम उपयोगी आहे, मग विषय ज्ञानेश्वरीचा असो की गीतेचा.

एका भाषणाबद्दल मात्र जपून बोलावं. १९५३ च्या फेब्रुवारीत त्यांनी शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझरमधला अंत्यविधीचा प्रसंग सीझरच्या जागी स्टालिनचं, इतरांच्या जागी त्याच्या सहकाऱ्यांची नावं घालून वाचला. ५ मार्चला स्टालिन वारला. तेव्हापासून हे भविष्यकथन म्हणून पसरवलं जातं. शीन साम्यवादाविरुद्ध कित्येक वर्षं बोलत होते, स्टालिन चौऱ्याहत्तरीचा होता. योगायोगाला चमत्कार म्हटल्याने शीन मोठे होत नाहीत.

पैशाकडे येऊ. १९५० पासून सोळा वर्षं ते मिशनकार्यासाठी निधी जमवणाऱ्या संस्थेचे अमेरिकेतले राष्ट्रीय संचालक होते. टीव्हीतून मिळालेला पैसा ते तिथे वळवत. याच कामावरून त्यांचं त्यांच्याच वरिष्ठांशी, न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांच्याशी बिनसलं. चरित्रकारांनी नोंदवलेली हकिगत अशी: सरकारकडून गरिबांसाठी फुकट आलेली दूध पावडर स्पेलमन यांनी या संस्थेला दिली आणि तिचे पैसे मागितले. मिशनचा पैसा फुकटच्या मालासाठी देणार नाही, असं शीन यांनी सांगितलं. प्रकरण १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांच्यापर्यंत गेलं आणि निकाल शीन यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी त्यांचा टीव्ही कार्यक्रम बंद झाला आणि न्यूयॉर्कमधली अनेक व्यासपीठं त्यांना बंद झाली. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या माणसाने हिशेबाच्या एका प्रश्नासाठी एवढं गमावणं पत्करलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे.

आता पडझड. ऑक्टोबर १९६६ मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहराचे बिशप नेमले गेले. वय ७१, धर्मप्रांत चालवण्याचा अनुभव शून्य. हेतू उत्तम होते. १९६७ च्या जुलैत व्हिएतनाममधून अमेरिकी सैन्य परत बोलवावं, असं त्यांनी उघड म्हटलं, आणि तेव्हा एका बिशपने हे म्हणायला छाती लागत होती. पण १९६८ मध्ये सेंट ब्रिजेट हे चर्च आणि त्याची जागा गरिबांच्या घरांसाठी सरकारला देऊ करताना त्यांनी तिथल्या लोकांना विश्वासातच घेतलं नाही. जे वर्षानुवर्षं तिथे मिस्साला (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला) येत होते, ज्यांची लग्नं आणि मुलांचे बाप्तिस्मे तिथे झाले होते, त्यांना ही बातमी आयती मिळाली. मोठा विरोध झाला, काही दिवसांत प्रस्ताव मागे घ्यावा लागला. अर्ध्या तासाच्या भाषणासाठी तीस तास देणाऱ्या माणसाने एका वस्तीचं चर्च देताना त्या वस्तीबरोबर एक बैठकही घेतली नाही, हे मला त्यांच्या सार्वजनिक जीवनातलं सर्वांत मोठं अपयश वाटतं. व्यासपीठावर वक्ता बोलतो आणि लोक ऐकतात. कारभारात आधी लोकांचं ऐकावं लागतं, आणि ही सवय त्यांना कधी लागलीच नव्हती. १९६९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

२ ऑक्टोबर १९७९ ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये त्यांना सर्वांसमक्ष मिठी मारली, ९ डिसेंबरला शीन गेले. धर्मगुरू झाल्यापासून रोज एक तास पवित्र संस्काराच्या (कॅथलिक जिला ख्रिस्ताचं शरीर मानतात त्या भाकरीच्या) सान्निध्यात मूक बसण्याचा नेम त्यांनी साठ वर्षं पाळला. त्यांच्या तयारीचा हाही भाग होता असं ते मानत, आणि मीही मानतो.

शीन यांना संत ठरवण्याची प्रक्रिया पुढे सुरू झाली. अशा प्रक्रियेबद्दल इंदुरात थोडं तरी माहीत आहे, कारण ४ नोव्हेंबर २०१७ ला सिस्टर राणी मारिया यांना इथेच, आपल्या शहरात, धन्यवादित (संतपदाच्या आधीचा टप्पा) घोषित केलं गेलं. उदयनगर भागात शेतमजुरांसाठी काम करणाऱ्या या सिस्टरची २५ फेब्रुवारी १९९५ ला बसमध्ये हत्या झाली होती. त्या हुतात्मा ठरल्या, त्यामुळे त्या टप्प्यासाठी चमत्काराची अट नव्हती. शीन यांचा मार्ग वेगळा. देवाचा सेवक, मग आदरणीय, मग एक चमत्कार मान्य झाला की धन्यवादित, आणि त्यानंतर आणखी एक झाला की संत. २००२ मध्ये पिओरियाने प्रक्रिया सुरू केली, २०१२ मध्ये ते आदरणीय ठरले. मग पार्थिव कुणाचं यावरून न्यूयॉर्क आणि पिओरिया यांच्यात कोर्टकचेरी झाली. न्यूयॉर्कमध्ये पुरलेलं पार्थिव जून २०१९ मध्ये पिओरियाला नेलं. पुढच्याच महिन्यात इलिनॉयमधल्या एका नवजात बाळाच्या बाबतीतला चमत्कार मान्य झाला. जन्मल्यावर ६१ मिनिटं त्या बाळाच्या हृदयाचे ठोके लागले नव्हते. २१ डिसेंबर २०१९ ही सोहळ्याची तारीख ठरली आणि तीन आठवडे आधी सोहळा पुढे ढकलला गेला. कारण रॉचेस्टरचीच वर्षं. मुलांवर अत्याचार केल्याचे आरोप असलेल्या धर्मगुरूंच्या नेमणुकांबाबत त्या काळात त्यांनी काय केलं, हे नीट तपासावं असं रॉचेस्टरच्या बिशपांनी सुचवलं. शीन यांच्या चाहत्यांना ते फार लागलं. मला ती मागणी योग्य वाटली. पीडित मुलांचा प्रश्न असेल तिथे सोहळा थांबला पाहिजे, माणूस कितीही आवडता असो.

ज्यांना शीन ऐकायचे आहेत त्यांनी तुकडे बघू नयेत, अख्खा कार्यक्रम बघावा. कृष्णधवल चित्रण नेटवर सहज मिळतं. पहिल्यांदा नुसता ऐका. दुसऱ्यांदा कागद घेऊन बसा: विनोद कितव्या मिनिटाला संपला, मुख्य प्रश्न कधी आला, फळ्यावर किती शब्द लिहिले, देवाचं नाव पहिल्यांदा केव्हा घेतलं, शेवटाकडे वळण कुठे घेतलं. तिसऱ्यांदा आवाज बंद करून हात आणि थांबे बघा. ऐकणारा हसतो तेव्हा ते बोलत नाहीत, हसू ओसरेपर्यंत थांबतात. गणपतीत ज्यांची व्याख्यानं ठरली आहेत त्यांनी दोन कार्यक्रम तरी असे बघून ठेवावेत, आणि आयोजकांनी यंदा शाल-श्रीफळ भाषणानंतर ठेवावं.