जूनमधली उधारीची वही

जुन्या नाशकात आमचं किराणा दुकान आहे, अब्बांच्या वेळेपासूनचं. चौक मंडईहून पायी पाच मिनिटं. आज जे लिहितोय ते मुख्यतः माझ्या मुसलमान भावाबहिणींसाठी आहे, पण बाकीच्यांनीही वाचावं. उधारीच्या वहीत नावं सगळ्यांचीच असतात.

रमजानमध्ये ही वही हलकी होते. लोक जकात, म्हणजे मालमत्तेवरचं सक्तीचं दान काढतात, ईदच्या नमाजाआधी द्यायचा फितरा देतात, रेशनच्या किट वाटतात, एकेका घरात तीन-तीन किट पोचतात. ईदच्या सकाळी शाहजहानी ईदगाहच्या वाटेवर हात पुढे करणारा सहसा रिकामा जात नाही. मला याचा अभिमान आहे.

मग जून येतो.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. यंदा तो मार्चमध्येच संपला. गरज मात्र चंद्र बघून येत नाही. आपल्या नाशकात ती जूनच्या मध्याला येते, शाळा उघडल्या की. वह्या, दप्तर, रेनकोट, रिक्षाकाकांचे आगाऊ पैसे. मागोमाग पाऊस धरतो, सेंटरिंगवाले, प्लास्टरवाले घरी बसतात. गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की तिथल्या हातगाड्या उचलाव्या लागतात. या दिवसांत वहीचं एक पान दोन दिवसांत भरतं. अन् तेव्हा किट घेऊन कुणी येत नाही, कारण आपली जकात ‘देऊन झालेली’ असते.

माझं भांडण या ‘देऊन झाली’शी आहे. जकातीचा हिशेब असतो. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी मालमत्ता वर्षभर हातात राहिली, तर तिचे अडीच टक्के. दिले की त्या वर्षापुरतं सुटलो. सदका म्हणजे आपखुशीचं दान; त्याला दर नाही, महिना नाही, आणि घेणारा कोणत्या धर्माचा हेही बघायचं नाही. रस्त्यातला काटा बाजूला करणं हा सदका. भावाकडे हसून बघणं हा सदका. आपण लावलेल्या झाडाचं फळ पाखरानं खाल्लं तर तोही. लहानपणी मदरशात आपण सगळ्यांनी हे पाठ केलंय.

कुराणातल्या सुरह बकरा या अध्यायाची २८० वी आयत, म्हणजे वचन, मात्र मी पाठ करूनही बरीच वर्षं वाचली नव्हती, म्हणजे समजून वाचली नव्हती. कर्जदार अडचणीत असेल तर त्याचा हात मोकळा होईपर्यंत त्याला मुदत द्या, आणि सदका म्हणून सोडून दिलंत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं, असं तिथं आहे. थकलेली उधारी सोडून देण्याला कुराणानं सदका म्हटलंय! किराणा दुकानदाराला ही आयत वाचून काय वाटतं, ते गल्ल्यावर बसल्याशिवाय कळायचं नाही.

आणि मला ती कळली ती एका चुकीतून. तेव्हा मी पंचविशीत होतो, नुकताच दुकानात बसायला लागलो होतो. एक चाचा यायचे, फळांची गाडी लावायचे. एके संध्याकाळी ते मुलीला घेऊन आले आणि साखर, चहापत्ती मागितली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी मोठ्यानं म्हणालो, “चाचा, आधी मागचे साडेसातशे बघा की.” त्यांनी काही उत्तर दिलं नाही. मुलगी बरणीतल्या गोळ्यांकडे बघत होती, तिनं नजर खाली घातली. चाचांनी तिचा हात धरला आणि दोघं पायऱ्या उतरून गेले. साखर तराजूतच राहिली.

ते पुन्हा आले नाहीत. समोरच्या फुटपाथनं जायचे, दुकानाकडे न बघता.

अब्बांना दोन दिवसांनी कळलं. ते ओरडले नाहीत. वही मागितली, चाचांचं पान काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं. म्हणाले, “साडेसातशे जमा, असं लिही.” मी म्हणालो, “पण त्यांनी दिले कुठं?” अब्बा म्हणाले, “तू घेतलेस ना त्यांच्याकडून, चार माणसांत.”

देऊन वर मन दुखवण्यापेक्षा गोड शब्द आणि माफी बरी, हे त्याच सुरहमध्ये, २६३ व्या आयतीत आहे. पुढच्याच आयतीत उपकार बोलून दाखवून आपला सदका वाया घालवू नका म्हणून बजावलंय. किट हातात देताना घेणाऱ्याचा चेहरा फोटोत घेणाऱ्यांना माझी विनंती आहे, या दोन आयती एकदा वाचा. उघडपणे देणंही चांगलंच, कुराण तसं सांगतं, पण गुपचूप गरिबाला देणं अधिक चांगलं असंही लगेच पुढे सांगतं. घेणाऱ्याच्या घरातही फेसबुक असतं.

आमची दादी बकरी ईदला मटणाचे हिस्से करताना एक गोष्ट दरवर्षी सांगायची. प्रेषितांच्या (स.) घरी बकरी कापली होती, आणि बहुतेक सगळी वाटून टाकली. त्यांनी विचारलं, काय उरलं? हजरत आयेशा म्हणाल्या, फक्त खांदा उरलाय. ते म्हणाले, खांदा सोडून सगळं उरलंय. दादी हे सांगता सांगता सगळ्यात चांगली दस्त, म्हणजे पुढच्या पायाचा तुकडा, शेजारच्या हिश्श्यात सरकवायची आणि आम्ही पोरं हळहळायचो. दुकानदार झाल्यावर ही गोष्ट मला जास्त लागली. आमचा धंदाच शिल्लक मोजण्याचा आहे.

तर माझं म्हणणं एवढंच की ओळखीच्या किराणा दुकानात जा आणि वहीतलं एखादं खातं फेडा. नाव विचारू नका. दुकानदाराला माहीत असतं कोण खरंच अडलंय. फसवणारे असतात का? असतात, मलाही भेटलेत. त्यांच्यापायी बाकीच्यांचं पान बंद करणं मला पटत नाही. एक सांभाळा, हे जकातीच्या पैशातून करू नका. जकात गरजवंताच्या हातात, त्याच्या मालकीची करून द्यावी लागते. दुकानदारानं स्वतः सोडलेली उधारीही जकातीत धरता येत नाही, असं हनफी उलेमा, म्हणजे त्या पंथाचे धर्मपंडित, सांगतात. तेव्हा वहीत भरायचा तो सदकाच.

परवा रात्री शटर ओढता ओढता एक रिक्षावाला आला. गेल्या पावसाळ्यात त्याचंच पान उधारीनं भरलेलं होतं. भिजलेल्या शर्टाच्या खिशातून त्यानं तीनशे रुपये काढले, काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, “कुणाचे तरी कापा.” मी म्हटलं, कुणाचे? म्हणाला, “ज्याचं पोर शाळेत जातंय त्याचे.”

काल सकाळी एक मुलगी दोन दोनशेपानी वह्या घ्यायला आली. हळूच म्हणाली, “अम्मीनं सांगितलंय, लिहून ठेवा.” मी म्हटलं, लिहितो, मागचं काही बाकी नाही. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

मग म्हणाली, “मग एक खोडरबर पण द्या.”