समाजमंदिर आहे, पण ते उघडायचं कोणी?

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातली तीन पोरं घरी आली. हातात प्लास्टिकची फाईल, आत आमदारसाहेबांच्या नावे टाईप केलेलं निवेदन. विषय: 'गावातील विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका सभागृह बांधून मिळणेबाबत'. "सर, भाषा जरा बघून द्या," म्हणाली. मी विचारलं, "तुमच्याकडे समाजमंदिर आहे ना रे, देवळाच्या मागं?"

"आहे सर. पण ते बंदच असतं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर जाऊन पाहून आलो. इमारत चांगली आहे. स्लॅब गळत नाही, फरशी धड आहे. दारावर संगमरवरी पाटी, तिच्यावर निधीचं नाव, वर्ष आणि मान्यवरांची नावं. किल्ली ज्यांच्याकडे असते ते शेतात गेले होते, म्हणून खिडकीतूनच डोकावलो. आत मंडपाचे बांबू, खताच्या रिकाम्या गोण्या, एक मोडकं बाक. मीटरची पेटी उघडी आणि मीटर काढून नेलेलं. खिडकीच्या काचेला आतून एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. 'अभ्यासिका. सकाळी ६ ते रात्री १०. शांतता राखावी.' म्हणजे कधीतरी इथं पोरं बसत होती. तो कागद पाहिल्यापासून चैन नाही, म्हणून हे लिहितोय.

बारा वर्षं मी एका लहानशा ट्रस्टचा सचिव आहे. वाचनालय, अभ्यासिका आणि बायकांसाठी शिलाईचा वर्ग, एवढंच आमचं काम. या बारा वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. गावात इमारत उभी करायला पैसा मिळतो. त्या इमारतीत रोज झाडू मारणारी, दिवा लावणारी, पुस्तकांची नोंद ठेवणारी व्यक्ती असते, तिच्यासाठी कुणाकडे रुपया नसतो.

इमारतीला पैसा देणाऱ्या वाटा बघा. खासदार निधी १९९३ पासून आहे, आज वर्षाला ५ कोटी रुपये. महाराष्ट्रात आमदार निधीही ५ कोटींवर गेला. ग्रामविकास विभागाचं 'पंचवीस पंधरा' (२५१५) हे गावातल्या कामांच्या निधीचं लेखाशीर्ष सरपंचांना तोंडपाठ असतं. दलित वस्ती सुधार योजना आहे, जिल्हा नियोजन समितीचा निधी आहे. या बहुतेक वाटांनी गावात येतं ते बांधकाम, कारण टिकाऊ मालमत्ता उभी करावी हाच या पैशाचा हेतू. तो हेतू चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पैसा दिसायला हवा, मोजता यायला हवा, एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकात, चढायला हवा. पण खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांत एक अट आहे, ती गावात कुणी वाचत नाही. काम मंजूर करण्याआधी, ती मालमत्ता पुढे कोण चालवणार आणि तिची देखभाल कोण करणार, याची हमी वापरणाऱ्या संस्थेकडून घ्यायची असते. ती हमी लिहून दिली जाते, सही होते, शिक्का बसतो. मग बिल निघतं आणि तो कागद फाईलमध्येच राहतो. त्या बंद समाजमंदिराचीही अशीच एखादी हमी कुठल्यातरी कपाटात असेल.

मग गावाने चालवायचं म्हटलं तर पैसा कुठून? सगळे वित्त आयोगाकडे बोट दाखवतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या पाच वर्षांच्या निधीत ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेला ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, पण पगार आणि आस्थापना खर्च सोडून. म्हणजे अभ्यासिकेला खुर्च्या घेता येत होत्या, कपाट घेता येत होतं, पण ते कपाट उघडणाऱ्या मुलीला मानधन देता येत नव्हतं.

आमच्याकडे हे काम एक मावशी करतात. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पहाटे पावणेसहाला येतात, कुलूप काढतात, उंबऱ्यावर पाणी शिंपडतात, मग माठ भरतात. परीक्षेच्या दिवसांत रात्री दहानंतरही पोरं उठत नाहीत, तेव्हा दाराशी गोधडी टाकून बसून राहतात. सातवीपर्यंत शिकलेल्या, पण कोणत्या पोराचा पोलीस भरतीचा फॉर्म राहिलाय आणि कोणाचं तलाठी परीक्षेचं हॉल तिकीट आलंय, हे त्यांना माहीत असतं. मुलींच्या आया त्यांच्या भरवशावर लेकींना संध्याकाळी पाठवतात. आमची अभ्यासिका टिकली ती मावशींमुळे, आणि नेमका त्यांच्या मानधनाचा रकाना आजवर एकाही देणगीदाराने आपणहून भरलेला नाही. एका कंपनीच्या अधिकाऱ्यांनी आमच्या अंदाजपत्रकात त्या ओळीवर पेन टेकवून सांगितलं होतं, "हे काढा. हा ॲडमिन खर्च आहे."

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं, म्हणून सविस्तर सांगतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करावी लागते. ५०० कोटींची नेटवर्थ, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांतलं एक जरी लागू पडलं तरी ती कंपनी या कलमात येते. कोणत्या कामांवर हा पैसा खर्च करता येतो त्याची यादी कायद्याच्या अनुसूची सातमध्ये आहे, तिच्यात ग्रामीण विकास आहे, आणि कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे हे खरं. पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. एखादा प्रकल्प प्रत्यक्ष चालवण्यासाठी होणारा थेट खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. अभ्यासिका हाच प्रकल्प असेल तर ती उघडणारी व्यक्ती हा प्रकल्पाचाच खर्च आहे. अंदाजपत्रकात 'कार्यालयीन खर्च' लिहू नका. 'अभ्यासिका संचालन, रोज १६ तास, दोन पाळ्या' असं लिहा, आणि समोरच्याने पेन टेकवलं तर नियम दाखवा.

परदेशी देणग्यांची वाट लहान संस्थांसाठी जवळपास बंद झाली. पूर्वी शहरातल्या मोठ्या संस्था परवानगी असलेला पैसा गावातल्या लहान गटांना पुढे देत. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या, म्हणजे एफसीआरएतल्या, २०२० च्या दुरुस्तीने असं हस्तांतरण थांबवलं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. त्याचा फटका कुणाला बसला, हे शिलाईच्या वर्गातली बंद पडलेली मशीनं बघून मला कळलं.

आता कागदांबद्दल, कारण इथं आमचे हात पोळलेत. आमचे संस्थापक अध्यक्ष वारले. आम्ही सभा घेतली, ठराव केला, नवे अध्यक्ष निवडले, प्रोसिडिंग लिहिलं आणि कामाला लागलो. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यायचा असतो, तोही ९० दिवसांच्या आत, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चार वर्षांनी एका कंपनीने आमचा प्रस्ताव मान्य केला आणि पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा, उतारा मागितला. उताऱ्यावर गेलेल्या माणसाचं नाव. मार्च उलटला, पैसे दुसरीकडे गेले. मावशींचं दोन वर्षांचं मानधन त्यात होतं. चूक पूर्णपणे आमची होती, आणि त्यांना ते सांगायला गेलो तो दिवस मी विसरलेलो नाही. त्या म्हणाल्या, "असू द्या दादा, उद्या पोरांचा पेपर आहे," आणि माठ भरायला गेल्या.

म्हणून कळकळीने सांगतो. निवेदन घेऊन दारोदार फिरण्याआधी उतारा काढा, विश्वस्तांची नावं बघा, ऑडिट वेळेवर द्या. आयकर सवलतीच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्या एकदा मिळाल्या की कायमच्या, असं आता राहिलेलं नाही, मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. १ एप्रिल २०२१ पासून संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ ही नोंदणी नसेल तर कंपनी तुमच्यामार्फत काम करू शकत नाही. स्वयंसेवी संस्थांसाठीच्या सरकारी दर्पण पोर्टलवरही नोंद करून ठेवा.

गावातल्या गावातही थोडं सापडतं. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी आणि १५ टक्के मागासवर्गीयांसाठी राखीव असतो. घरपट्टीची वसुली चांगली असेल तर ही रक्कम उपयोगी पडण्याइतकी होते. बऱ्याच ठिकाणी ती मार्चमध्ये घाईघाईने भांडी नाहीतर सतरंज्या घेण्यात जाते. शिलाईच्या वर्गाची शिक्षिका त्यातून का बसू नये, हे ग्रामसभेत विचारा. सार्वजनिक ग्रंथालयांचं अनुदान हा १९६७ च्या कायद्यातून आलेला आधार आहे. रक्कम तुटपुंजी आणि उशिरा येणारी, पण तिच्यात माणसाच्या वेतनाचा वाटा धरलेला असतो. चालवण्याचाही खर्च असतो हे मान्य करणारं अनुदान म्हणून मला त्याचं मोल फार वाटतं. वाचनालय आणि अभ्यासिका एकाच छताखाली चालवण्याचं आमचं कारणही तेच.

त्या तीन पोरांचं निवेदन मी दुरुस्त केलं नाही. आम्ही बसून दुसरा अर्ज लिहिला, ग्रामपंचायतीच्या नावे. सभागृह नको, किल्ली द्या. वीजबिलाची थकबाकी किती आहे ते लेखी कळवा. समाजमंदिर अभ्यासिकेला वापरायला देण्याचा विषय येत्या ग्रामसभेच्या अजेंड्यावर घ्या. आणि ग्रामपंचायतीच्या 'आमचं गाव, आमचा विकास' या विकास आराखड्यात अभ्यासिकेसाठी मागच्या वर्षांत काही तरतूद धरली होती का, ते सांगा. हे ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दिसतं, पोरांनी तिथंच माझ्यासमोर मोबाईलवर काढूनही पाहिलं.

भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, अर्ज घेतला, पोच दिली. किल्ली काल मिळाली. रविवारी सकाळी बांबू आणि गोण्या बाहेर काढायच्या आहेत, मावशीही येणार आहेत. खिडकीवरचा तो कागद काढू नका, असं त्यांनी पोरांना आधीच बजावलंय.