जकात नाका आणि चिंग दरबार

गेल्या शनिवारी गिरगावातल्या आमच्या कट्ट्यावर रेल्वेचा विषय निघाला आणि मास्तरांनी तो थेट १९११ च्या चीनमध्ये नेला. त्या वर्षी मे महिन्यात चीनवर राज्य करणाऱ्या चिंग घराण्याच्या सरकारने प्रांतांतल्या लोकांनी भागभांडवल घालून उभ्या केलेल्या मुख्य रेल्वेमार्गांच्या कंपन्या परकीय कर्जाच्या आधारावर ताब्यात घ्यायचे ठरवले. सिच्वान प्रांत पेटला, तो शमवण्यासाठी हूपेमधून फौज हलवली गेली, आणि मागे उरलेल्या पलटणींनी १० ऑक्टोबरला वूछांगमध्ये बंड केले. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी सहा वर्षांच्या सम्राटाच्या नावाने सिंहासनत्यागाची आज्ञा निघाली. मास्तरांचा निष्कर्ष ठाम होता. ते म्हणाले, "पन्नास वर्षे ज्यांनी सुधारणेचे केवळ नाव घेतले, त्यांचा शेवट असाच व्हायचा. जपानने तेच संकट पेलले, चीनला पेलता आले नाही. दोष घरातला होता."

वकीलसाहेबांना हे मुळीच पटले नाही. त्यांनी आठवण करून दिली की ब्रिटनशी झालेले अफूचे युद्ध हरल्यावर केलेल्या १८४२ च्या नानकिंग तहानंतर चीनला आपल्याच बंदरांवर आयातीचा दर ठरवण्याची मुभा उरली नाही आणि तो दर साधारण पाच टक्क्यांवर बांधला गेला. हे युद्ध ज्या अफूवरून पेटले, त्या अफूपैकी माळव्यातला माल आपल्या मुंबई बंदरातूनच चीनला जात होता. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या ज्या संपत्तीतून भायखळ्याचे रुग्णालय उभे राहिले, तिचा मोठा भाग कापूस आणि अफूच्या चीन-व्यापारातला होता. "इथे बसून चीनच्या घरातला दोष काढताना निदान एवढे तरी ध्यानात ठेवा," असे ते म्हणाले, आणि त्यावर क्षणभर कोणी बोलले नाही.

मास्तरांनी मात्र मुद्दा सोडला नाही. पाच टक्क्यांची बेडी जपानच्या पायातही होती, तरीही त्याने १८७३ मध्ये जमिनीच्या किमतीच्या तीन टक्के रोख सारा बसवला आणि केंद्राच्या तिजोरीला पक्का आधार दिला. उलट चीनमध्ये कांगशी सम्राटाने १७१२ मध्ये डोईपट्टीची एकूण आकारणी कायमची गोठवली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोकसंख्या चाळीस कोटींच्या पुढे गेली, तरी पूर्वजांचे वचन मोडून सारा वाढवण्याचे धाडस दरबाराला होईना. मास्तरांचा हा मुद्दा मला तेव्हाही वजनदार वाटला आणि आजही वाटतो.

मात्र या दोघांच्या वादात जे निसटत होते ते अण्णांनी पकडले. अण्णांची सारी नोकरी जकात खात्यात गेली. त्यांनी मास्तरांना विचारले, "साऱ्याचे राहू द्या, चिंग सत्तेविरुद्धचे ताइपिंग बंड मोडायला पैसा कुठून आला ते सांगा." मास्तरांनी सांगितले की १८५३ पासून यांगत्से नदीच्या खोऱ्यात 'लिकिन' नावाची वसुली सुरू झाली आणि पुढे ती देशभर पसरली. नदीवर, कालव्यावर, रस्त्यावर नाके बसले. मालाची नाव प्रत्येक नाक्याला थांबायची, गाठोडी उलगडली जायची आणि पैसे भरून नाव पुढच्या नाक्याकडे निघायची. ही वसुली प्रांताच्या हाती राहिली. तिच्यावर त्सेंग क्वोफान आणि ली होंगचांग यांच्या प्रांतिक फौजा उभ्या राहिल्या आणि १८६४ मध्ये बंड मोडले, पण पैसा मिळवण्याची आणि फौज पोसण्याची सवय पेकिंगकडून प्रांतांकडे गेली ती पुन्हा पूर्णपणे परतली नाही. त्यातच १८५८ च्या तहाने परकीय मालाला अडीच टक्के एकदाच भरून सगळ्या नाक्यांमधून सुटण्याची सवलत दिली होती, आणि पुष्कळ चिनी व्यापारी आपला माल परक्याच्या नावावर चालवू लागले.

"म्हणजे आपल्याच माणसाला नाक्यावर उभे करायचे आणि पाहुण्याला दस्तक देऊन सोडायचे," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात खरी कळकळ होती. ज्याने उन्हात खोळंबलेल्या ट्रकांच्या रांगा वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत, त्याला या एका कलमाचा अर्थ आम्हा सर्वांपेक्षा लवकर कळला.

पुढे बोलणे समुद्रावरच्या जकातीकडे वळले, आणि माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म तिथेच आहे. रॉबर्ट हार्ट हा आयरिश गृहस्थ १८६३ पासून १९११ पर्यंत चीनच्या सागरी सीमाशुल्क खात्याचा प्रमुख होता. तो चिंग सरकारचा नोकर होता, त्याचे खाते शिस्तीचे आणि स्वच्छ म्हणून ओळखले जाई, आणि परभाषा शिकवणारी पेकिंगमधली तुंगवेन शाळा त्या खात्याच्या पैशावर चाले. मास्तरांच्या दृष्टीने आधुनिक कारभार चीनमध्ये रुजू शकतो याचा हा पुरावाच होता. अण्णांनी विचारले, "पावती कोण फाडत असे आणि गल्ला कोण सांभाळत असे?" हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. आकारणी हार्टची माणसे करत, परंतु रक्कम चिनी अधिकाऱ्यांच्या ताब्यातल्या पेढ्यांत जमा होई. गल्ला चिनी होता. १९११ च्या क्रांतीत तोही गेला, कारण परकीय सत्तांनी कर्जफेडीचे कारण पुढे करून वसुली थेट शांघायच्या परकीय बँकांत वळवली.

कर्ज तरी किती? युद्ध हरल्यावर १८९५ च्या शिमोनोसेकी तहात जपानला भरपाई म्हणून २० कोटी तायेल, लियाओतुंग द्वीपकल्प परत घेण्यासाठी आणखी ३ कोटी. परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतर १९०१ मध्ये परकीय सत्तांना भरपाई ४५ कोटी तायेल, चार टक्के व्याजाने ३९ वर्षांत फेडायचे. एक तायेल म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम चांदी. जपानने तहात मिळालेल्या रकमेच्या आधारावर १८९७ मध्ये आपले चलन सोन्यावर नेले, आणि चीनची जकात मात्र तारण पडली. जपानशी चीनची तुलना करणाऱ्याने हे दोन आकडे एकाच वहीत लिहिले पाहिजेत, असे मी मास्तरांना म्हणालो आणि त्यांनी ते मान्य केले.

तरीही मी सर्वस्वी वकीलसाहेबांच्या बाजूचा नाही. सुधारणा नावापुरत्या होत्या, हे मात्र मला खोटे वाटते. १८९८ च्या शंभर दिवसांच्या सुधारणा त्सूशी महाराणीने मोडल्या, परंतु १९०१ नंतर तिच्याच दरबाराने त्याहून मोठी पावले उचलली. शतकानुशतके अधिकारी निवडणारी परीक्षापद्धती १९०५ मध्ये एका आज्ञेने बंद झाली. एकट्या नानकिंगच्या परीक्षागृहात वीस हजारांहून अधिक कोठड्या होत्या, आणि त्या ओस पडल्या. १९०९ मध्ये प्रांतिक सभा निवडल्या गेल्या, नव्या पद्धतीच्या फौजा उभ्या राहिल्या. यासाठी पैसा हवा होता आणि जकात तारणात अडकलेली होती, म्हणून नवे स्थानिक कर बसले आणि रेल्वेसाठी पुन्हा परक्यांकडे हात पसरला गेला. त्या हाताला विरोध करणारे लोक याच नव्या सभांत बसले होते आणि वूछांगचे बंड नव्या फौजेनेच केले. चिंग दरबार राज्य घडवत होता हे खरे. त्या राज्याचा गल्ला मात्र त्याच्या हाती नव्हता.

प्रजासत्ताक आल्यावरही ही गोष्ट संपली नाही, हे वकीलसाहेबांनी निघता निघता सांगितले. प्रजासत्ताकाचा अध्यक्ष युआन शिकाय याने १९१३ मध्ये अडीच कोटी पौंडांचे कर्ज घेतले, त्याला तारण मिठाचा कर, आणि त्या कराच्या देखरेखीवर आलेला रिचर्ड डेन पूर्वी हिंदुस्थान सरकारच्या मीठ खात्याचा प्रमुख होता. अण्णा हे ऐकून कट्ट्यावर पुन्हा बसले आणि त्यांनी विचारले, "मग जकातीचा दर त्यांच्या हाती आला तरी कधी?" वकीलसाहेबांनी सांगितले की १९२८ मध्ये अमेरिकेने प्रथम मान्यता दिली आणि पाठोपाठ इतर देशांनी दिली. जो जपान स्वतः १९११ पर्यंत अशाच तहांच्या दरांत अडकून पडला होता, त्याने आपली सही सगळ्यांच्या मागून, १९३० च्या मे महिन्यात केली.