सुरुवात १८८० ला नाही हो, सांगलीला!

‘शाळेत संगीत नाटकाचा इतिहास १८८० च्या ‘शाकुंतला’पासून शिकवावा’, हे तुमच्या लेखातलं वाक्य वाचून सांगलीकर म्हणून गप्प बसवेना. १८४३ साली इथे सांगलीत, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, ते काय मुकं होतं? त्यातली पदं सूत्रधार म्हणायचा, पात्रं आयत्या वेळी सुचेल तसं बोलायची. पुढे ‘शाकुंतला’त अण्णासाहेब किर्लोस्करांनी गाणं पात्रांच्याच तोंडी दिलं. भाव्यांना गाळलं तर किर्लोस्करांनी नेमकं नवं काय केलं, हे पोरांना कळणार कसं?

मी नववीला मराठी शिकवते. एकदा वर्गात हेच करून पाहिलं. सूत्रधार झालेली मुलगी पद म्हणत होती आणि धनुष्य उचलायला आलेला रावण तोवर हातांचं काय करावं ते न कळून नुसताच मिशी पिळत उभा! (मिशी स्केचपेनची.) मग तेच पद त्याला गायला लावलं. बेसूर गायला, पण मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, आता तो खरा चिडलेला वाटतोय.” दोन्ही पद्धतींतला फरक यापेक्षा सोपा मला सांगता आला नसता.

आणि आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांना ‘इतर नाटककार’ म्हणून एका ओळीत उरकलंत? जरठ-कुमारी विवाहावरचं, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्यावरचं, त्यांचं ‘शारदा’ १८९९ चं आहे. चौदा-पंधराच्या मुलींना ते समजावून सांगावं लागत नाही. धडा जरूर घाला, फक्त सोबत पेटी वाजवणारं कुणीतरी द्या. आमच्याकडे संगीताची जागा कधीची रिकामीच आहे.