‘सुरुवातीला थोडी खाज येतेच’ म्हणे!

गेल्या रविवारी मामीने फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला. ‘पार्लरवाले हे कधीच सांगणार नाहीत! घरच्या घरी जेल नेल्स, पाच गोष्टी लक्षात ठेवा.’ खाली गुलाबी हृदयं आणि ‘जास्तीत जास्त मैत्रिणींना पाठवा’. हाच मेसेज दोन महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीकडे आला होता. तिने त्याबरहुकूम दिवा मागवला, जेलच्या, म्हणजे दिव्याखाली कडक होणाऱ्या नेलपॉलिशच्या, सहा बाटल्यांचा सेट मागवला, आणि आज तिच्या उजव्या हाताची तीन बोटं नखाभोवती सोललेली आहेत. त्यामुळे मामीला नुसता अंगठा दाखवून गप्प बसणं मला जमलं नाही.

मेसेजातले पाच मुद्दे असे: दिवा एलईडी असेल तर त्यात अतिनील किरण नसतात; नखाला चटका बसला म्हणजे जेल पक्कं होतंय, हात काढू नका; कुठलाही दिवा कुठल्याही जेलला चालतो, साठ सेकंद पुरे; सुरुवातीला बोटांना थोडी खाज येतेच, त्वचेला सवय होत असते, थांबू नका; आणि दिवा नसेल तर गच्चीवर उन्हात हात धरा.

चौथ्यापासून सुरू करते, कारण माझं डोकं त्यानेच फिरलं.

कसली सवय? जेलच्या बाटलीत अ‍ॅक्रिलेट आणि मेथाक्रिलेट जातीचे छोटे छोटे रेणू असतात. दिव्याखाली ते एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि त्याचं कडक प्लास्टिक होतं. पूर्ण कडक झालं की फारसा त्रास नाही. पण कच्चं जेल कातडीला लागत राहिलं की हे रेणू आत शिरतात, आणि एक दिवस शरीर त्यांना वैरी ठरवतं. एकदा ठरवलं की पुढे थेंबभर जेलही पुरतं. यातलं सगळ्यात बदनाम रसायन म्हणजे हेमा. नाव शेजारच्या काकूंचं, गुण मात्र खाजकुयलीचे.

पुण्यात आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिकेवर वधूवरांची नावं चमकतात ना, ते स्पॉट यूव्ही. तेही याच कुळातलं: पातळ वार्निश, वरून दिवा, क्षणात कडक. आमच्याकडे मशीनवरचा माणूस ओल्या वार्निशला उघडा हात लावत नाही. मोजे घालतो आणि तेही बदलत राहतो, कारण पातळ मोज्यातून हा माल थोड्याच वेळात आरपार जातो. बोटाला लागलंच तर थिनरने पुसायचं नाही, लगेच साबणाने धुवायचं, हे नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतो. आणि तिकडे घरी माझी बहीण पलंगावर बसून, मोबाइल उशीला टेकवून, नखाच्या कडेला ओघळलेलं जेल उघड्या बोटाने निपटत होती.

“ताई, पहिल्या दोन-तीन वेळा सगळ्यांनाच होतं म्हणे,” फोनवर म्हणाली. तोवर नखांच्या कडेने बारीक, पाण्याने भरलेले फोड आले होते. मग पापण्या खाजायला लागल्या. तिला वाटलं काजळ बदललं म्हणून असेल. त्वचेच्या डॉक्टरांनी आधी हात बघायला मागितले. हात दिवसभर चेहऱ्याला लागत असतो आणि पापणीची कातडी सगळ्यात नाजूक. पाठीवर संशयित रसायनं लावलेल्या पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली, दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही. पट्ट्या काढल्यावर हेमाचा चौकोन लालबुंद, फुगलेला. ही अ‍ॅलर्जी बहुधा जन्माची सोबत असते. याच कुळातली रसायनं दातात भरायच्या पांढऱ्या मिश्रणात असतात, सांधा बदलताना हाडाला लावायच्या सिमेंटात असतात. म्हणजे आता दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसण्याआधी तिने हे सांगायचं, कायम. वय वर्षं सव्वीस.

युरोपियन युनियनने याबद्दल 2020 मध्ये नियमच केला आणि 2021 पासून तो लागू झाला. हेमा असलेलं नखांचं उत्पादन फक्त व्यावसायिकांनी वापरायचं, आणि तसं, शिवाय ‘अ‍ॅलर्जी होऊ शकते’ असंही वेष्टनावर छापायचं. तिकडे जे शिकलेल्या हातातच द्यायचं ठरलं, ते आपण इकडे ‘सवय होईल’ म्हणत मैत्रिणींना पाठवतोय. बहिणीच्या सेटचा डबा मी उलटापालटा करून पाहिला. घटकांची यादी कुठेच नाही. फुलपाखरू मात्र होतं, सोनेरी.

आता बाकीचे. ‘कुठलाही दिवा चालतो’ हा मुद्दा वरच्याच दुखण्याचं मूळ आहे. जेलमध्ये प्रकाश पकडणारं एक द्रव्य असतं आणि त्याला ठरावीक तरंगलांबीच लागते. दिवा जुळला नाही, थर जाड झाला, रंग काळा-गडद असला, की वरून टणक आणि खाली कच्चं. वरून हात फिरवून ते कळत नाही. खोक्यावरचा वॅटचा आकडा नखावर किती प्रकाश पडतो ते सांगत नाही. आणि चार बोटं सरळ ठेवली की अंगठा आडवा पडतो, त्याच्या नखाला उजेड तिरपा मिळतो. अंगठे वेगळे धरायचे असतात, एवढी साधी गोष्टही मेसेजात नाही.

चटक्याचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. रेणू जुळताना उष्णता बाहेर पडते, म्हणजे चटका बसला तर जेल पक्कं होतंय हे बरोबर. पण म्हणून सोसायचं? हात बाहेर काढा, थांबा, पुढचा थर पातळ लावा. भाकरी भाजली जातेय म्हणून कोणी हात तव्यावर ठेवत नाही.

एलईडी म्हणजे प्रकाश कशाने तयार केला ते. कुठला प्रकाश, ते नाही. हे दिवे साधारण 365 आणि 405 नॅनोमीटरच्या आसपास चालतात आणि 365 म्हणजे सरळ सरळ यूव्हीए, अतिनीलच. आता यावरून कोणीतरी उद्या ‘नेल लॅम्पने कॅन्सर’ पाठवणार, म्हणून आत्ताच सांगते. 2023 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी अशा दिव्याखाली पेशी धरल्या. एका वीस मिनिटांत 20 ते 30 टक्के मेल्या, लागोपाठ तीनदा धरल्यावर 65 ते 70 टक्के, आणि उरलेल्यांच्या डीएनएतही बिघाड दिसला. पण त्या काचेच्या बशीतल्या उघड्या पेशी होत्या, वर कातडीचा मेलेला थर नव्हता. कर्करोग सिद्ध झाला असं ते स्वतःही म्हणत नाहीत. सनस्क्रीन लावा किंवा बोटांची टोकं कापलेले मोजे घाला.

ऊन? उन्हात यूव्हीए असतं, त्यामुळे जेल थोडंफार आवळतं, पण कुठे पक्कं, कुठे कच्चं. बाटली उघडी राहिली तर तीही आवळते.

एवढं सगळं ग्रुपवर लिहिलं. मामीचं उत्तर: “अगं, पण मला तर सहा महिन्यांत काहीच झालं नाही.” ही अ‍ॅलर्जी सहा महिन्यांनी, वर्षानेही उगवू शकते, असं मी लिहिलं. दहा मिनिटं शांतता.

मग: “बरं. तिच्या सेटमधली ती वाइन कलरची न उघडलेली आहे का?”

आहे. देणार नाही.